शिशावरचा पाय

श्रूझबरी
८ फेब्रुवारी १९५५

प्रिय नोआ,

ऑर्मस्लेड हॉलच्या फाटकावर पाडकामाची नोटीस लागली आहे, म्हणून हे पत्र. नाहीतर नाताळच्या कार्डावर आपले भागत होते.

नोटिशीची मुदत २४ मार्चला संपते. तोवर सरकारने हरकत घेतली नाही तर घर जमीनदोस्त होईल. सर हॅरॉल्ड मॉर्डेन गेले, मुलगी केनियात, तिला हे घर नको. जागा लिव्हरपूलच्या एका ठेकेदाराला विकली आहे. हे तुला माहीत असणारच, कारण तू त्या घराच्या सावलीत राहतोस. मला मात्र ते वर्तमानपत्रातून कळावे, याचे आश्चर्य वाटले.

सरकारी यादीत घराबद्दल दोनच ओळी आहेत: सन १७६०, दगडी दर्शनी भाग, त्रिकोणी माथा, दोन बाजूंना दोन पंख, म्हणजे जोडइमारती. अशी घरे इंग्लंडात शेकड्यांनी आहेत आणि दर महिन्याला पाडली जात आहेत. पण तुला नि मला ठाऊक आहे की ती दगडी बाजू म्हणजे नुसता अंगरखा. आत मूळचे विटांचे घर आहे. पश्चिमेकडच्या पाच आंधळ्या, नुसत्या देखाव्याच्या खिडक्या जुना जिना झाकायला काढल्या, नव्या दगडी तोंडाची जुळणी बिघडू नये म्हणून. आणि मधल्या छपराच्या शिशाच्या पत्र्यावर, ते अंथरणाऱ्या आपल्या मूळ पुरुषाने, रॉजर गार्बेटने, बुटाभोवती रेघ ओढून आर. जी. १६८७ असे कोरून ठेवले आहे. १६८७ चे अख्खे घर, छपरासकट शाबूत, हे शेकड्यांनी नाही.

वडिलांच्या वहीतून मी तो मजकूर उतरवून मंत्रालयाला पाठवला. निरीक्षक मि. व्हिटलॉक यांनी ९ मार्चला येतो असे कळवले आहे. तुला दोनच गोष्टी करायच्या आहेत. खूण जागेवर आहे ना, ते वर जाऊन पाहा आणि लिहून पाठव. आणि ९ तारखेपर्यंत शिशाला कोणाला हात लावू देऊ नकोस.

मी स्वतः ती खूण पाहिलेली नाही. लहानपणी वडिलांकडे हट्ट धरला होता की माझाही पाय काढा. ते म्हणाले, ज्याने शिसे अंथरले त्याचाच पाय. मला तर छपराच्या दारापर्यंतही जाऊ दिले नाही.

उलट टपाली उत्तर हवे.

तुझी चुलत बहीण,
एनिड गार्बेट

*

ऑर्मस्लेड
१३ फेब्रुवारी

एनिड,

हेडमास्तरीणबाईंचा हुकूम मिळाला. उलट टपाली म्हणजे पाच दिवस, एवढं खपवून घ्या. माझं वय चौऱ्याहत्तर आहे आणि त्या जिन्याला एकशे बारा पायऱ्या आहेत.

खूण जागेवर आहे. कुठे जाणार? शिसं चालत नाही.

पण तू त्या पायावर फार भार टाकू नकोस. आत जुना जिना आहे, विटा आहेत, तुळया आहेत. तुझ्या निरीक्षकाला ते दाखव. छपरावर बर्फ आहे, शहरातला माणूस घसरून पडला तर ते पाप तुझ्या माथी.

तुला कळवलं नाही, कारण तू अशीच पेटून उठणार हे मला माहीत होतं. घरं जातात, एनिड. पलीकडच्या खोऱ्यातलं पोरकं पडलेलं घर गेल्या वर्षी सुरुंगाने उडवलं, लोक सँडविचं घेऊन बघायला गेले होते.

माझ्या मांजरीला पिलं झाली आहेत. हवं का एखादं?

नोआ

*

श्रूझबरी
१६ फेब्रुवारी

नोआ,

मांजर नको. सरळ उत्तर हवे.

पस्तीस वर्षे मी मुलींच्या वह्या तपासल्या. जो माणूस प्रश्नाला बगल देऊन मांजरीवर येतो, त्याने गृहपाठ केलेला नसतो किंवा दुसऱ्याचा उतरवलेला असतो. ‘फार भार टाकू नकोस’ म्हणजे काय? तुळया आणि विटांवर निरीक्षकांचे समाधान होणार नाही, असे त्यांनीच लिहिले आहे. विटांना तारीख नसते. तारीख फक्त त्या शिशावर आहे.

दुसरे. तुमच्या गावच्या पोस्टातल्या मिसेस प्रीस परवा इकडे बहिणीकडे आल्या होत्या. त्यांनी सांगितले की हॉलच्या दक्षिण भिंतीला कप्पी आणि दोर लागले आहेत. गावात शिसेकाम येणारा माणूस एकच. ठेकेदाराला ते कोणी लावून दिले, हे मी विचारत नाही, कारण उत्तर मला कळते. का लावून दिले, ते विचारते.

छपरावरचे शिसे उतरले की घर महिनाभर टिकत नाही. एका पावसात दिवाणखान्याचे नक्षीचे छत खाली येईल आणि निरीक्षकांना वाचवण्यासारखे काही उरणार नाही. हे मी तुला सांगावे? तूच मला शिकवलेस.

एनिड

*

ऑर्मस्लेड
२० फेब्रुवारी

एनिड,

ठीक आहे. बसून वाच.

ठेकेदाराचा माणूस टल्क म्हणून आहे. आतापर्यंत बोलायला फार गोड. मी राहतो ते झोपडंवजा घर आता त्यांच्या मालकीचं झालं. तो म्हणाला, म्हातारबा, शिसं तुम्ही उतरवून दिलंत तर मरेपर्यंत याच घरात राहा. सोमवार, ७ मार्चला सुरुवात करायची. नोटिशीच्या मुदतीत पाडता येत नाही, पण ‘दुरुस्ती’ म्हणून शिसं काढता येतं, असं त्यांच्या वकिलाने शोधून काढलंय. मी हो म्हटलं. सारा लग्न होऊन याच घरात आली आणि इथेच गेली, बागेतली सफरचंदाची झाडं तिने लावलीत. मी आता कुठे जाऊ, ते तू सांग.

हे एक झालं. दुसरं यापेक्षा वाईट.

तो पाय १६८७ चा नाही. तो तुझ्या वडिलांचा, जोबकाकांचा आहे. १८९९ च्या उन्हाळ्यात जोबकाकांनी मधलं छप्पर पुरं उतरवलं, गाडीखान्यात भट्टी लावली, जुनं शिसं वितळवून वाळूवर नवे पत्रे ओतले आणि पुन्हा अंथरले. मी अठरा वर्षांचा होतो, त्यांच्या हाताखाली सहा वर्षं झाली होती. शेवटच्या पत्र्यावर त्यांनी स्वतःचा बूट ठेवला, रेघ ओढली आणि आर. जी. १६८७ कोरलं. माझ्या डोळ्यांदेखत.

बूट पुढून गोल आहे, एनिड. तू इतिहास शिकवलास. १६८७ मध्ये बुटाची टोकं कशी असत? चौकोनी. तुझ्या निरीक्षकाने एकदा वाकून पाहिलं की संपलं. म्हणून म्हटलं, भार टाकू नकोस.

आणखी थोडं आहे, ते तोंडानेच सांगता येईल. ज्याने शिसं अंथरलं नाही त्याला ते सांगायचं नाही, अशी जोबकाकांची ताकीद होती. तोवर निरीक्षकाला काही लिहू नकोस. घाई करू नकोस.

नोआ

*

श्रूझबरी
२२ फेब्रुवारी

नोआ,

तुझे पत्र सकाळी आले. दुपारी मी मि. व्हिटलॉक यांना लिहिले. नक्कल सोबत जोडते, म्हणजे तुला शंका राहायला नको.

‘महाशय, माझ्या अर्जातील १६८७ च्या खुणेचा पुरावा मी मागे घेते. ती खूण माझ्या वडिलांनी १८९९ साली कोरली, असे प्रत्यक्ष पाहणाऱ्याकडून आज कळले. चुकीची माहिती दिल्याबद्दल दिलगीर आहे. घर वाचवावे ही विनंती कायम आहे, पण तिला आता माझ्या शब्दापलीकडे आधार नाही.’

वडील कमी बोलत आणि खोटे कधीच बोलत नसत, असे मी आयुष्यभर मानले. ऑर्मस्लेडच्या लेडी मॉर्डेननी मला कॉलेजात पाठवायचे ठरवले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, गार्बेटचा शब्द म्हणजे घराची तुळई. मी एका बनावट खुणेच्या जोरावर हे घर वाचवणार नाही. वडिलांच्या खुणेच्या तर नाहीच.

तू शिसे उतरव किंवा उतरवू नकोस. राहत्या घराच्या काळजीने तू हो म्हटलेस, ते मी समजू शकते. पण चौदा दिवस मला अंधारात ठेवलेस, ते समजू शकत नाही.

एनिड

*

ऑर्मस्लेड
२२ फेब्रुवारी

एनिड,

परवाचं पत्र टाकल्यापासून मला जेवण जात नाही. मी तुला अर्धंच सांगितलं आणि अर्धं सांगून तुझ्या बापाला चोर ठरवून बसलो. काकांची ताकीद मोडतो. ते रागावले तर वर गेल्यावर बघू.

आपल्यात रीत अशी. छप्पर नव्याने ओतायचं झालं की सगळं जुनं शिसं भट्टीत जातं, फक्त पायाचा पत्रा जात नाही. तो कापून वेगळा काढायचा. बापाचा पाय कोणी विस्तवात घालत नाही. तो छपराच्या फळ्यांवर, लाकडी तक्तपोशीवर ठेवायचा, वरून नवा पत्रा अंथरायचा, त्यावर स्वतःचा पाय काढायचा आणि जुनीच अक्षरं, जुनंच वर्ष कोरायचं. पाय बदलतो, वर्ष बदलत नाही. वरच्या खुणेचा अर्थ एवढाच, की खाली तो आहे. शिशाला आजही भाव आहे, तेव्हाही होता. म्हणून जागा कोणाला सांगायची नाही, मॉर्डेनांनाही नाही.

त्या दिवशी जुना पत्रा काकांच्या हातात होता. मग त्यांनी मला सांधायचा डाख आणायला खाली धाडलं. परत आलो तेव्हा नवा पत्रा बसला होता आणि ते बूट काढत होते. म्हणजे मी तो खाली ठेवताना पाहिला नाही. पण तो तिथे नसेल तर मी नोआ गार्बेट नाही.

निरीक्षकाला काही लिहिलं नसशील तर लिहू नकोस. लिहिलं असशील तर मीच गाढव.

नोआ

*

श्रूझबरी
२४ फेब्रुवारी

नोआ,

आपली पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तू गाढव आहेसच. घाई मीही केली.

मि. व्हिटलॉक यांचे उत्तर आज आले. चार ओळी. प्रामाणिकपणाबद्दल आभार, आणि ९ मार्चची भेट रद्द. त्यांच्याकडे पाडकामाच्या नोटिशी ढिगाने आहेत आणि तीन जिल्ह्यांना माणूस एकच.

आता अडचण नीट लक्षात घे. तू पत्रा आताच उचललास आणि खालून जुना निघाला, तरी तो तिथेच होता हे कोण मानणार? जो एकदा वडिलांच्या खुणेवरून फसला तो दुसऱ्यांदा आपल्या शब्दावर येणार नाही. तो निरीक्षकांच्या डोळ्यांसमोरच उचलला गेला पाहिजे. पण काही दाखवल्याशिवाय ते येणार नाहीत. आणि ७ तारखेला टल्क उचलणारच आहे.

मी त्यांना पुन्हा लिहिले आहे. अर्ज केलेला नाही. लिहिले की मी माझ्या वडिलांना तुमच्या कार्यालयात लबाड ठरवले आहे, आता कळते की ते तसे नसावेत. खरे काय ते तुम्ही आपल्या डोळ्यांनी पाहून ठरवावे, आणि मी चुकले असेन तर ते मला स्पष्ट लिहावे. शनिवार, ५ मार्च सुचवला आहे. सरकारी वेळ नसेल तर त्यांनी स्वतःचा वेळ द्यावा, असेही लिहिले आहे. उद्धटपणा झाला असेल. होऊ दे.

मी येणार होते. काल पायरीवरच्या बर्फावरून घसरले. डॉक्टरांनी घोट्याला पट्ट्या बांधून तीन आठवडे हलायचे नाही असे बजावले. म्हणजे पुन्हा मी खालीच.

तू टल्कला दिलेल्या शब्दाचे काय करणार आहेस, ते मी विचारत नाही.

एनिड

*

ऑर्मस्लेड
६ मार्च

एनिड,

तुझा निरीक्षक काल आला. सकाळच्या बसने, पातळ शहरी बूट घालून, हातात छत्री आणि डबा. वय तिशीचं असेल. जिना चढताना मधल्या वळणावर थांबून आंधळ्या खिडक्यांच्या मागे बोटं फिरवली आणि नुसतं हं म्हणाला.

वर टल्क आधीच उभा. कोणीतरी त्याला सांगितलं असणार. मिसेस प्रीस, दुसरं कोण. तो म्हणाला की हा माल आता आमचा आहे. व्हिटलॉकने टोपी काढून, शांतपणे सांगितलं की माल तुमचाच राहील, मला फक्त त्याच्या खाली बघायचं आहे. टल्क घड्याळ काढून बसला.

व्हिटलॉक आधी वाकून पायाकडे बघत बसला. म्हणाला, गोल टोक. मी म्हटलं, हो, माझ्या काकांचं. मग कडा मोकळ्या केल्या. छप्पन्न वर्षांचं शिसं, एनिड, चादरीसारखं गुंडाळत जातं, पण दोन्ही बाजूंनी धरलं तरच. मी एकटा होतो. शेवटी व्हिटलॉकने छत्री खाली ठेवली आणि दुसरी बाजू धरली.

खाली पत्रा होता. जुना, जाड, वाळूचे दाणे पाठीवर उमटलेले. आणि कोरा. एक रेघ नाही.

टल्क हसला. म्हणाला, म्हातारबा, भुताने पुसलं वाटतं. व्हिटलॉक हसला नाही, त्याने वही मिटली. तेच जास्त लागलं. मला तुझा चेहरा दिसत होता आणि काकांचा. मी तसाच गुडघ्यांवर. टल्क म्हणाला, उचला, सोमवारचं काम आजच सुरू झालं समजा, आणि त्याने तो पत्रा गुंडाळायला एका कोपऱ्यात पहार घातली.

मी त्याला म्हटलं, हात काढ.

पन्नास वर्षांत मी कोणा साहेबाला अरेतुरे केलं नव्हतं. तो थांबला. मला तेव्हाच सुचलं, की वाळू ज्या अंगाला लागते ते खालचं अंग. आपण खुणा गुळगुळीत अंगावर काढतो. वाळूचं अंग वर असेल तर पत्रा पालथा आहे. काकांनी त्याला तोंड खाली करून निजवलं होतं, घराकडे.

आम्ही दोघांनी उलटला. चौकोनी टोक. टाचेला खिळ्यांचे सात ठिपके. आर. जी. १६८७. काल कोरल्यासारखं. ऊन नाही, पाऊस नाही, काही लागलेलं नाही.

व्हिटलॉकने वही पुन्हा उघडली. मग पालथा पडून त्याने तक्तपोशीतली जुनी खिळ्यांची भोकं आणि पत्र्याच्या कडेची भोकं ताडून बघितली. एकूण एक जुळली. उठला तेव्हा त्याची पँट पांढऱ्या भुकटीने माखली होती. म्हणाला, ‘मिस गार्बेटना सांगा, त्यांचे वडील लबाड नव्हते. बाकीचं मी कार्यालयात सांगतो.’ आणि डब्यातलं अर्धं सँडविच मला दिलं. काकडीचं. काकडीत कसलं पोट भरतं.

दोन्ही पत्रे त्याने आपल्या हाताने चिठ्ठी लावून मोहोरबंद केले. सोमवारी मी शिसं उतरवणार नाही. टल्कला तोंडावर सांगितलं.

नोआ

*

श्रूझबरी
२६ मार्च

नोआ,

संरक्षणाचा हुकूम २३ तारखेला निघाला, मुदत संपायच्या एक दिवस आधी. मधले घर राहील, दगडी अंगरख्यासकट. दोन्ही पंख मात्र जातील. मला सगळे हवे होते. अर्धे मिळाले, आणि ते घ्यायला हवे.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. त्यात एक गोष्ट नाही, ती मिसेस प्रीसनी सांगितली. टल्कने तुला ३० एप्रिलपर्यंत घर सोडायला सांगितले आहे. हे तू मला लिहिणार नव्हतास. पुन्हा अर्धेच.

माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. दया म्हणून म्हणत नाही. स्वयंपाकघरातला नळ ऑक्टोबरपासून गळतो आहे आणि इथले प्लंबर म्हणवणारे लोक शिसे ओळखतही नाहीत. साराच्या सफरचंदाची कलमे आताच बांध, वाफा मी मोकळा केला आहे. एक मांजरही चालेल. एकच.

एनिड

*

ऑर्मस्लेड
३० मार्च

एनिड,

नळ बघतो. कलमं बांधली. मांजरी दोन आहेत, दुसरी पहिलीला सोडत नाही.

पण आधी इथलं काम. मधल्या छपरावर त्या जागी ताडपत्री आहे. जुना पत्रा संग्रहालय मागतंय, तो द्यावा लागेल. पाडलेल्या पंखाचं थोडं शिसं व्हिटलॉकने मिळवून दिलंय. मी वाळू चाळून ठेवली. पत्रा ओतून होईल, पण अंथरायला माझे दोन हात पुरत नाहीत. शिसं ठोकून बसवायची मोगरी चालवायला आणखी कोणी हवं. गावात कोणी नाही.

घोटा बरा झाला असेल तर ये. एकशे बारा पायऱ्या आहेत, वेळ लागला तर लागू दे. आणि जुने बूट घालून ये.

एक सांगून ठेवतो, वर्ष १६८७ च घालायचं. रीत आहे.

नोआ

*

ताबा दिल्याची नोंद
ऑर्मस्लेड हॉल, शनिवार, १६ एप्रिल १९५५

देणार: नोआ गार्बेट, शिसेकाम करणारा, आणि एनिड गार्बेट, निवृत्त शिक्षिका. घेणार: जिल्हा संग्रहालयातर्फे आणि मंत्रालयातर्फे मि. व्हिटलॉक.

शिशाचा पत्रा, वाळूवर ओतलेला, त्यावर चौकोनी टोकाच्या बुटाची रेघ व आर. जी. १६८७. दिला.

छपराच्या दाराची किल्ली, एक. गार्बेट घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. दिली.

जोब गार्बेट यांची कामाची वही. नक्कल दिली, मूळ वही घरी.

शिशाचा पत्रा, गोल टोकाच्या बुटाची रेघ व तीच अक्षरे, १८९९ साली कोरलेली. संग्रहालयाने लेखी मागितला होता. दिला नाही. तो तक्तपोशीवर, तोंड घराकडे करून ठेवला आहे.

त्यावर नवा पत्रा अंथरला. मोगरी दोघांनी चालवली. नवा पत्रा घराचा भाग असल्याने ताब्यात देण्याचा प्रश्न येत नाही. त्यावर दोन बुटांच्या रेघा आहेत: एन. जी. आणि ई. जी. वर्षाबद्दल वाद झाला. १९५५ असे कोरले आहे.

सही: नोआ गार्बेट (वर्षाबद्दल नाखुशीने)
सही: एनिड गार्बेट
मिळाले: ए. व्हिटलॉक